मुक्या जनावरांच्या सांध्यांची डागडुजी

जनावर लंगडू लागले म्हणजे धनी प्रथम त्याचा खूर उचलून पाहतो. नालाखाली खडा अडकला असेल, काटा रुतला असेल, नाल सैल झाला असेल, अशी त्याची अटकळ असते. आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. खडा काढला, काटा उपटला, की चार दिवसांत जनावर पूर्ववत चालू लागते. परंतु कधी कधी खुरात काहीच सापडत नाही. पायावर जखम नसते, हाड मोडलेले नसते, आणि तरीही घोडा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो. दारातला म्हातारा कुत्रा उठताना दोनदा प्रयत्न करतो आणि पायऱ्या चढावयाचे टाळतो. अशा वेळी दुखणे बहुधा आत, सांध्यात असते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याला होते त्याला बोलून दाखविता येत नाही.

या दुखण्यावर पूर्वी फारसा इलाज नव्हता. विश्रांती द्यावयाची, शेक द्यावयाचा, तापल्या लोखंडाने डागावयाचे, आणि यांपैकी काहीच लागू पडले नाही तर घोड्याच्या नशिबी गोळी आणि बैलाच्या नशिबी पांजरपोळ अथवा खाटीक, असा क्रम ठरलेला असे. पुढे वेदना शमविणारी औषधे आली. त्यांनी दुखणे झाकले जाते, पण झिजलेला सांधा भरून निघत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र पशुवैद्यकाने एक मोठी उमेद धरली आहे. सांध्यातील जो भाग झिजला वा फुटला, तोच शरीराकडून पुन्हा घडवून घ्यावयाचा, अशी ती उमेद आहे. तिच्यापैकी किती पदरात पडले आहे आणि किती अद्याप आशेच्याच कोटीत आहे, हे जनावर पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या आशेचा आता व्यापारही सुरू झाला आहे.

हाडांच्या टोकांवरील अस्तर

दोन हाडे जेथे एकमेकांस भेटतात तेथे त्यांची टोके उघडी नसतात. त्यांवर पांढऱ्या, किंचित निळसर झाक असलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत पदार्थाचे पातळ अस्तर असते. मांसाहारी घरांत नळीच्या टोकाशी हा चकचकीत थर सर्वांनी पाहिलेला असतो. यालाच कूर्चा म्हणतात. सांध्यातील स्निग्ध द्रवाने माखलेल्या दोन कूर्चा एकमेकींवरून सरकतात तेव्हा जे घर्षण होते, ते बर्फावर बर्फ घसरताना होणाऱ्या घर्षणाहूनही कमी असते. कोणत्याही यंत्रशाळेतील वंगणाला इतके साधलेले नाही.

या अस्तराची रचना मोठी युक्तीची आहे. त्याच्या दहा भागांत सुमारे सात-आठ भाग नुसते पाणी असते. उरलेल्या भागात कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचे जाळे असते, आणि त्या जाळ्यात पाणी शोषून धरणारे मोठमोठे रेणू कोंबलेले असतात. हे रेणू पाणी ओढून फुगू पाहतात आणि जाळे त्यांना आवरून धरते. घट्ट जाळ्यात भिजका स्पंज दाबून बसवावा, तशी ही अवस्था असते. वर भार पडला की पाणी थोडेसे बाहेर दाबले जाते. भार उतरला की ते पुन्हा आत येते. या दाबण्या-सुटण्यामुळेच कूर्चा धक्के सोसू शकते. सुमारे पाचशे किलो वजनाचा शर्यतीचा घोडा भरधाव दौडत असता एकेका पुढील पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक भार येतो. हा हजार किलोंवरचा भार अंगावर घेणारे अस्तर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचे असते.

निरनिराळ्या प्राण्यांत ही जाडी वेगवेगळी आढळते. गुडघ्याच्या सांध्यात सशाची कूर्चा सुमारे ०.३ मिलिमीटर, कुत्र्याची एक मिलिमीटरच्या आसपास, घोड्याची दीड ते दोन आणि माणसाची दोन मिलिमीटरहून थोडी अधिक असते. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत. सशावर यशस्वी झालेला उपाय घोड्यावर का फसतो आणि माणसाचे वैद्य घोड्याच्या सांध्याकडे इतक्या उत्सुकतेने का पाहतात, याचे उत्तर काही अंशी या आकड्यांतच आहे.

कूर्चेची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. तिच्यातील पेशी विरळ, एकमेकींपासून दूर, आपापल्या खळग्यांत एकट्या राहतात. त्यांना अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून झिरपून. आणि ते झिरपणे चालण्या-फिरण्याच्या दाबावर अवलंबून असते. यातून दोन परिणाम संभवतात. एक असा की झीज सुरू झाली तरी प्रारंभी वेदना होत नाही. सभोवतालच्या आवरणाला सूज येते किंवा खालच्या हाडाला झळ पोहोचते तेव्हाच ती जाणवते. म्हणजे जनावर लंगडू लागते त्याच्या पुष्कळ आधी नुकसान झालेले असते. दुसरा परिणाम असा की, जखम भरून काढणारे रक्तच तेथे पोहोचत नसल्यामुळे जखम भरत नाही.

हंटरचा निकाल

ही दुसरी गोष्ट प्रथम स्पष्ट शब्दांत मांडली ती विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने. सन १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने सांध्यांच्या कूर्चेविषयी एक निबंध सादर केला. कूर्चेला झालेले व्रण मोठे त्रासदायक असतात आणि ती एकदा नष्ट झाली म्हणजे पुन्हा भरून येत नाही, असा त्याच्या निरीक्षणाचा आशय होता. त्याचा धाकटा भाऊ जॉन हंटर हाही थोर शल्यवैद्य. प्राण्यांच्या शरीररचनेचा त्याला विलक्षण नाद होता, आणि सन १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यकाचे विद्यालय निघाले तेव्हा त्याचा त्या कार्यास पाठिंबा होता. त्या विद्यालयात पुढे शिकलेल्या पिढ्यांनाही थोरल्या हंटरचा निकाल मान्य करूनच चालावे लागले.

अडीचशे वर्षांनंतरही तो निकाल किती पक्का आहे, याचे एक चमत्कारिक प्रमाण अलीकडे मिळाले. १९५० ते १९६३ या काळात झालेल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे जगभरच्या हवेत किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. अन्नावाटे हा कार्बन त्या त्या वर्षाच्या प्रमाणात प्रत्येकाच्या शरीरात शिरला. म्हणजे शरीरातील एखादा पदार्थ कोणत्या काळी घडला, हे त्यातील कार्बनावरून ताडता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी माणसाच्या गुडघ्यातील कूर्चा या रीतीने तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कूर्चेतील कोलॅजनचे जाळे बालपणी व पौगंडावस्थेत जे विणले जाते ते कायमचे. प्रौढपणी त्यात जवळजवळ नवीन भर पडत नाही, असे त्यांना आढळले. सांधा निरोगी असो वा रोगट, त्यात फरक नव्हता. कातडी झडते आणि नवी येते, हाडही हळूहळू बदलत राहते. हे अस्तर मात्र एकदाच मिळते आणि जन्मभर पुरवावे लागते.

निसर्गाचे ठिगळ

तरीही या नियमाला एक फट आहे. जखम केवळ कूर्चेतच राहिली तर ती भरत नाही हे खरे. पण ती कूर्चा भेदून खालच्या हाडापर्यंत गेली तर हाडातले रक्त वर येते, त्याची गुठळी खड्ड्यात धरते, आणि तिच्याबरोबर अस्थिमज्जेतील काही पेशीही येतात. कालांतराने तेथे नवे ऊतक तयार होते. मात्र ते मूळच्या जातीचे नसते. त्याचे तंतू वेगळे असतात, पाणी धरण्याची शक्ती कमी असते, आणि ते व्रणावरच्या खपलीखालील कातडीसारखे, काम भागविणारे पण हलक्या प्रतीचे असते. रेशमी वस्त्राला सुती ठिगळ लावावे, तसे ते निसर्गाचे ठिगळ होय.

या फटीतूनच पहिले उपाय निघाले. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील केनेथ प्रिडी या शल्यवैद्याने १९५९ मध्ये माणसाच्या गुडघ्यातील उघड्या पडलेल्या हाडास भोके पाडून असे ठिगळ मुद्दाम उगविण्याची पद्धत वर्णन केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन याने तीच कल्पना सुधारली. लहानशा छिद्रातून सांध्यात दुर्बीण घालावयाची, फाटकी कूर्चा खरवडून साफ करावयाची, आणि टोकदार आरीने हाडाच्या पृष्ठभागावर तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने बारीक टोचे मारावयाचे, अशी ती रीत. त्याच देशातील कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठात डेव्हिड फ्रिसबी आणि वेन मॅकइलरेथ या पशुवैद्यांनी तिची कसोटी घोड्यांवर लावली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात टोचे मारलेल्या खड्ड्यांत न मारलेल्यांपेक्षा अधिक ऊतक भरलेले आढळले. पुढच्या अभ्यासांत हेही दिसले की, कूर्चा आणि हाड यांच्यामधला चुन्याने कडक झालेला पातळ थर खरवडून काढला तर ठिगळ अधिक चांगले धरते. पण पाणी शोषून धरणारे जे रेणू, ज्यांच्यावर कूर्चेचा सारा लवचिकपणा अवलंबून आहे, ते नव्या ऊतकात पुरेसे आले नाहीत. खड्डा भरला, पण भर मूळच्या मालाची नव्हती.

येथे घोडा दुहेरी भूमिकेत आहे. तो स्वतः रोगी आहे. कारण शर्यतीच्या घोड्यांत पुढील पायाच्या सांध्यांतून हाडाच्या ढलप्या निघणे आणि कूर्चा फाटणे हा नित्याचा प्रकार आहे. आणि त्याच्या गुडघ्याची कूर्चा माणसाइतकीच जाड असल्याने तो माणसाचा प्रतिनिधीही आहे. माणसाला जो उपाय करावयाचा त्याची परीक्षा अनेकदा घोड्यावर, शेळीवर वा कुत्र्यावर आधी झालेली असते. मुक्या जनावराचे हे ऋण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

रोपाची लावणी

ठिगळ नको, मूळचीच कूर्चा हवी, असे म्हणणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. भातशेती करणारा शेतकरी तरव्यातील रोपे मुळांसह व मातीसह उपटून चिखलात लावतो. त्याचप्रमाणे सांध्याच्या ज्या कोपऱ्यात भार कमी येतो तेथून कूर्चा व तिच्याखालचे हाड यांची गोल दांडी कापून काढावयाची आणि ती झिजलेल्या जागी ठोकून बसवावयाची, ही हंगेरीचे लास्लो हँगोडी यांची पद्धत. अशा लहान लहान दांड्या शेजारी शेजारी बसवून खड्डा फरशीसारखा भरून काढतात. कुत्र्यांवर तिचे प्रयोग झाले. १९९२ मध्ये ती माणसावर प्रथम वापरली गेली. आणि घोड्यांच्या गुडघ्याच्या हाडातील पोकळ्यांवरही तिचा उपयोग करण्यात आला. यात लावलेली कूर्चा अस्सल असते हा मोठा गुण. पण जेथून ती काढावयाची तेथे नवा खड्डा पडतो, आणि मोठा भाग झिजला असेल तर तेवढे दान देण्याजोगी जागा त्या जनावराच्या अंगावर नसते.

म्हणून मेलेल्या जनावराच्या सांध्यातून ताजी कूर्चा घेऊन ती दुसऱ्यास लावण्याची पद्धत निघाली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीर तिला परकी म्हणून सहसा हिसडून टाकीत नाही. जी उणीव दुरुस्तीच्या आड येते तीच येथे उपकारक ठरते. अडचण आहे ती कूर्चेतील पेशी जिवंत ठेवून ती साठविण्याची. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात जेम्स कुक या पशुवैद्याच्या मार्गदर्शनाखाली कुत्र्यांवर झालेल्या कामातून साठवणीची सुधारलेली पद्धत निघाली, आणि ती पुढे माणसांच्या शस्त्रक्रियेतही गेली.

तिसरा मार्ग पेशी वाढविण्याचा. कूर्चेचा लहानसा तुकडा काढावयाचा, त्यातील पेशी सुट्या करून प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवावयाची, आणि त्या खड्ड्यात पेरावयाच्या. सशांवर हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला. नंतर स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २३ रुग्णांवर केला व १९९४ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. घोड्यांच्या बाबतीत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अ‍ॅलन निक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींसोबत वाढीस उत्तेजन देणारे एक द्रव्य मिसळून पाहिले. २००२ मधील त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यामुळे भरण अधिक चांगली झाली. पण या रीतीत दोन वेळा शस्त्रक्रिया, मधले काही आठवडे आणि मोठा खर्च लागतो. शिवाय माणसाला शस्त्रक्रियेनंतर कुबड्या देता येतात. घोड्याला तीन पायांवर सहा आठवडे उभे राहा असे सांगता येत नाही. भूल उतरताच तो चारी पायांवर उभा राहू पाहतो, आणि नाजूक लावणीवर पहिल्याच दिवशी शेकडो किलोंचा भार पडतो. जनावरांच्या सांध्यांची दुरुस्ती माणसाहून अवघड आहे ती येथे.

रक्त, चरबी आणि मज्जा

शस्त्राने जे कठीण, ते सुईने साधेल काय, असा विचार त्यातून पुढे आला. आज पशुवैद्याच्या दवाखान्यात ज्या उपचारांचे नाव ऐकू येते ते बहुतेक या वर्गातले आहेत.

त्यांपैकी एक जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे १९९० नंतरच्या दशकात तयार झाला. जनावराचे रक्त काचेचे मणी असलेल्या नळीत घेऊन शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानात सुमारे एक दिवस ठेवतात. काचेच्या स्पर्शाने रक्तातील पांढऱ्या पेशी सूज आवरणारी द्रव्ये सोडतात. नंतर वरचा रक्तरस वेगळा करून तो दुखऱ्या सांध्यात टोचतात. दुसरा उपचार बिंबाणूंचा. रक्त गोठविणाऱ्या या सूक्ष्म कणांत जखम भरून काढण्यास चेतविणारी द्रव्ये साठविलेली असतात. रक्त वेगाने फिरवून हे कण एकत्र करतात आणि सांध्यात सोडतात. दोन्हींत औषध जनावराच्या स्वतःच्याच रक्तातून येते. लंगडणे कमी होण्यास त्यांची मदत झाल्याचे अनुभव व काही पद्धतशीर प्रयोगही आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घोड्यांवरील प्रयोगात पहिल्या उपचाराने लंगडणे घटले. तथापि हे उपाय मुख्यतः सूज शमवितात. गेलेली कूर्चा त्यांनी परत आल्याचे म्हणता येत नाही.

सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो मूलपेशींचा. अस्थिमज्जेत अशा काही पेशी असतात की, योग्य परिस्थितीत ज्यांच्यापासून हाड, कूर्चा वा चरबी बनू शकते. मॉस्कोतील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन याने १९६० नंतरच्या दशकात यांचा प्रथम शोध घेतला. अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन याने १९९१ मध्ये त्यांना मूलपेशी या वर्गातले नाव दिले. चरबीतूनही त्या काढता येतात असे दिसून आल्यावर काम सोपे झाले. कुत्र्याच्या वा घोड्याच्या अंगची थोडी चरबी काढावयाची, पेशी वेगळ्या करावयाच्या आणि सांध्यात टोचावयाच्या. या पेशी झिजल्या जागी जाऊन बसतील आणि नवी कूर्चा विणतील, अशी सर्वांची कल्पना होती.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. २००३ मध्ये शेळ्यांवरील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात खुणेसाठी चकाकणाऱ्या मूलपेशी इजा केलेल्या गुडघ्यात सोडल्या होत्या. गुडघ्यातील अर्धचंद्राकृती गादी बऱ्याच अंशी पुन्हा वाढली, आणि सांध्याची पुढील झीज कमी झाली. पण चकाकत्या पेशी फाटक्या कूर्चेवर बसलेल्या आढळल्या नाहीत. कॉर्नेलच्या संशोधकांनी २००७ मध्ये घोड्यांच्या खड्ड्यांत मूलपेशी पेरल्याचा वृत्तांत दिला. महिन्याने पाहता भरण उजवी दिसत होती, आठ महिन्यांनी मात्र पेरलेल्या व न पेरलेल्या खड्ड्यांत फारसा फरक उरला नाही. कोलोरॅडोच्या २०११ मधील प्रयोगात टोचे मारून वर मूलपेशी दिल्यावर नवे ऊतक अधिक घट्ट झाले आणि पाणी धरणारे रेणूही वाढले. पण घोड्याच्या चालीत त्याचा म्हणण्यासारखा फायदा उमटला नाही.

या सर्वांवरून शास्त्रज्ञांचे मत पालटले. मूलपेशी स्वतः गवंडी होत नाहीत. त्या मुकादमाप्रमाणे काम करतात. भोवतालच्या पेशींना निरोप देऊन सूज आवरतात आणि दुरुस्तीस अनुकूल वातावरण करतात. काही काळाने त्या नाहीशा होतात. खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये आपण दिलेले नाव बदलावे असे सुचविले. आपण चालविलेले नाव आपणच चुकीचे ठरविणे, यास मोठे धैर्य लागते.

युरोपात या पेशींना औषध म्हणून रीतसर मान्यताही मिळाली. २०१९ मध्ये युरोपीय संघात मूलपेशींचे पहिले पशु-औषध मान्य झाले. ते घोड्यांसाठी होते आणि दुसऱ्या घोड्याच्या रक्तातील पेशींपासून केलेले होते. त्याच वर्षी घोड्याच्या नाळेतील पेशींचे दुसरे औषध मान्य झाले. २०२२ मध्ये तर घोड्याच्या नाळेतील पेशी कुत्र्याच्या सांध्यात टोचण्यास परवानगी मिळाली. पण परवाना कशाचा आहे ते नीट पाहावे. सांध्याच्या दुखण्यामुळे येणारे लंगडणे व वेदना कमी करण्याचा तो आहे. कूर्चा नवी उगवून देण्याचा नव्हे.

उमेदीचा धागा तुटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या सांध्यात हाडास टोचे मारून जागृत झालेल्या पेशींना दोन द्रव्यांच्या साहाय्याने वळण लावले. एक हाडाकडे नेणारे, दुसरे त्यांना वाटेतच कूर्चेच्या टप्प्यावर थांबविणारे. तेथे ठिगळाऐवजी अस्सल कूर्चेसारखे ऊतक तयार झाले. पण उंदराचे वजन काही ग्रॅम आणि घोड्याचे पाचशे किलो. मधले अंतर अजून चालून जावयाचे आहे.

डोळ्यांची फसगत

उपचार लागू पडला की नाही, हे ठरविणे जनावरांच्या बाबतीत वाटते तितके सोपे नाही. माणसाला बरे वाटले की तो तसे सांगतो. आणि नुसत्या विश्वासानेही त्याला बरे वाटते, हे वैद्यांना ठाऊक असते. कुत्र्याला औषधाच्या किमतीची कल्पना नसते, तेव्हा तेथे ही भानगड नसणार, असे पुष्कळांना वाटे. अमेरिकेतील दोघा पशुवैद्यांनी २०१२ मध्ये यावर प्रकाश टाकला. सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांना औषधाऐवजी निरुपयोगी गोळ्याच देण्यात आल्या होत्या, अशांची नोंद त्यांनी तपासली. पायाचा भार अचूक मोजणाऱ्या पाटावरून चालविले असता जी कुत्री सुधारलेली नव्हती, त्यांच्या बाबतीतही निम्म्याहून अधिक वेळा धन्यांचे मत सुधारणा झाली असेच पडले. पशुवैद्यांचे डोळेही पुष्कळदा तसेच फसले. फसगत कुत्र्याची झाली नव्हती. ज्यांना ते बरे व्हावे असे मनापासून वाटत होते त्यांची झाली होती.

यात हसण्यासारखे काही नाही. पण त्याचा परिणाम गंभीर असतो. धन्याला समाधान मिळते, पैसे खर्च होतात, आणि जनावर मात्र तितकेच दुखणे घेऊन पुढच्या दिवशी उठते. त्याच्या वेदनेला वाचा नाही, म्हणून तिचे मोजमाप प्रामाणिक असणे माणसाच्या बाबतीत असते त्याहूनही अधिक आवश्यक ठरते.

धन्याच्या हातात काय आहे

कूर्चा एकदाच मिळते, तर ती राखणे हेच पहिले औषध. या बाबतीत एक पुरावा अतिशय बोलका आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास करण्यात आला. जोडीतील एकाला नेहमीचा आहार आणि दुसऱ्याला त्याहून पाव भाग कमी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे आयुष्य साधारणतः ११.२ ऐवजी १३ वर्षांपर्यंत वाढले, आणि त्यांच्यात सांध्यांची झीज उशिरा व कमी प्रमाणात दिसली. एकही सुई न टोचता, केवळ ताटातून काही कमी करून हे साधले. लाडक्या कुत्र्याला जेवणाच्या पंगतीत घास टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लहान वयात अति दौड टाळणे, दुखरा सांधा असलेल्या जनावराला पूर्ण बांधून न ठेवता बेताने चालविणे, नाल वेळच्या वेळी बदलणे, गोठ्यात घसरडी फरशी न ठेवणे, याही साध्या गोष्टी कूर्चेचे आयुष्य वाढवितात.

वेदनाशामक औषध मनाने देण्याचा मोह मात्र आवरावा. त्याची जबर किंमत आपल्याच देशाने मोजली आहे. दुखऱ्या व लंगड्या गुरांना डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध सर्रास दिले जाई. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती हजारोंनी मेली. भारतातील गिधाडांच्या तीन जातींची संख्या शेकडा नव्वदांहून अधिक घटली. कारण उलगडले २००४ मध्ये, आणि २००६ मध्ये या औषधाचा गुरांसाठी उपयोग करण्यास बंदी झाली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध त्याऐवजी वापरता येते. एका सांध्याचे दुखणे आकाशातल्या पक्ष्यापर्यंत कसे पोहोचते, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

आणि नव्या उपचाराची गोष्ट निघाली तर पशुवैद्याला काही प्रश्न अवश्य विचारावेत. दुखणे खरोखर सांध्यात आहे आणि कोणत्या, हे चित्र काढून ठरविले आहे काय? या उपचाराने वेदना कमी होणार की कूर्चा भरून येणार? टोचणी निर्जंतुक रीतीने होईल ना. कारण सांध्यात जंतू शिरले तर झिजेहून मोठे संकट ओढवते. आणि फरक पडला की नाही, हे केवळ नजरेने ठरविणार की मोजून? चांगला पशुवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. उलट धनी समंजस आहे हे पाहून त्याला बरेच वाटते.

विल्यम हंटरचा निकाल अजून फिरलेला नाही. पण त्याच्या काळी ज्या सांध्यापुढे वैद्य हात जोडून उभा राहत असे, त्याच सांध्यात आज ठिगळ लावता येते, रोप लावता येते, सूज आवरता येते आणि जनावराला आणखी काही वर्षे सुखाने चालविता येते. हे थोडे नव्हे. उरलेले काम शास्त्रज्ञांनी करावयाचे आहे. तोपर्यंत जनावर पाय टेकताना मान उचलते की नाही, उठताना अडखळते की नाही, हे रोज सकाळी पाहणे धन्याच्या हाती आहे. ते त्याने चुकवू नये.